छपरावर चढू नका!

पूर्वी करमणुकीसाठी तिकीट काढून थिएटरात जावे लागे. आता करमणूकच दरमहा वर्गणी घेऊन घरी येते. २००३ मध्ये डिश टीव्ही आला. २००६ मध्ये टाटा स्काय, ज्याचे २०२२ मध्ये टाटा प्ले झाले. पाहता पाहता गावोगावच्या कौलांवर छत्र्या उगवल्या.

या कंपन्यांत वस्तूची घडण ठरवणारे एक खाते असते. त्याला प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात. रिमोटवर बटणे किती, यादीत कोणती वाहिनी कुठे, पडद्यावर कोणती अक्षरे उमटावीत, हे तिथे ठरते. त्या खात्याच्या प्रमुखाची अवस्था एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी असते. इंजिनिअर म्हणतो, पेटीत जागा नाही. विक्रीवाला म्हणतो, आमचा नवा पॅक आधी दाखवा. हिशेबनीस म्हणतो, खर्च आवरा. त्यात सरकारी नियम बदलतात. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने सशुल्क वाहिन्या सुट्या निवडण्याची मुभा प्रेक्षकाला दिली. मग एकेका वाहिनीची किंमत पडद्यावर दाखवणे आले आणि निवडीची सारी मांडणी नव्याने करावी लागली. सर्वांचे मन राखता राखता ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो प्रेक्षकच बैठकीत नसतो.

माझ्या आत्याबाई आटगावला राहतात. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावच्या पुढचे स्टेशन. जवळच तानसा धरण आहे. १८९२ पासून तिथले पाणी मुंबईला जाते. तेव्हा या मुलखात पाऊस कसा पडतो, ते मुंबईकर वाचकांना सांगायला नको.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी तिथे होतो. ऐन मालिकेच्या वेळी चित्र गेले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि पुढे कसलासा आकडा. आत्याबाईंची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारली. मी चहाचा कप ठेवून अंगणात येईतो तो ओल्या कौलांवर चढून छत्री फिरवू लागलाही होता.

"आत्या, त्याला आधी खाली बोलव!"

"अरे, पेटी काही समजेल असं बोलेल तर ना!"

पोरगा सुखरूप उतरला. पाऊसही थांबला, पण चित्र काही आले नाही. छत्रीचे तोंड फिरले होते. कारागीर तीन दिवसांनी आला.

वास्तविक घडले होते ते साधे. छत्रीचा नेम सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर धरलेला असतो. ती जराशी हलली तरी तो चुकतो. या कामी केयू बँडच्या लहरी वापरतात. धो धो पावसात पाण्याचे थेंब त्या शोषून घेतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र आपले आपण येते.

मग पडद्यावर एवढेच का लिहू नये: "पाऊस जोराचा असेल तर ओसरेपर्यंत थांबा. छपरावर चढू नका." हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने लिहिले तर मी पैकीच्या पैकी गुण देईन! आणि वर्गणी संपली असेल तर तसे निराळे सांगावे. पेटीला ते ठाऊक असते.

देवनागरीला जागा लागते, जोडाक्षरे नीट उमटवावी लागतात, खर्च येतो, हे खरे. पण घाबरलेल्या गिऱ्हाइकाचा प्रत्येक फोन आणि कारागिराची प्रत्येक खेप यांनाही खर्च येतोच. शिवाय पेटीतली सुधारणा उपग्रहावरूनच पाठवता येते. त्यासाठी दारोदार माणूस धाडावा लागत नाही. अडचण एवढीच, की शब्द हे काम संपल्यावर चिकटवायचे लेबल समजले जातात. खातेप्रमुखाने आराखड्याच्या पहिल्या दिवशी वाक्ये लिहून घ्यावीत आणि पावसाळ्यातली एक संध्याकाळ अशा एखाद्या घरी, रिमोट आजीबाईंच्या हाती देऊन, गप्प बसून पाहावे. मोबाइल आणि दूरदर्शनची फुकट फ्री डिश गिऱ्हाईक ओढून नेत असताना ही संध्याकाळ महागाची ठरणार नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत नवी पेटी घ्याल तर वाहिन्या किती, हे अवश्य विचारा. त्याचबरोबर चित्र गेल्यावर पेटी कोणत्या भाषेत काय सांगते, हेही दुकानदाराला दाखवायला लावा. चार गिऱ्हाइकांनी विचारले की तो पाचव्याच्या आधी कंपनीला कळवील.