दक्षिणेकडची फट

घरबसल्या दूरदर्शन पाहणारा माणूस आकाशाचे उपकार कधी मानत नाही. मीही मानत नव्हतो. ते मानायला लावले गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, आणि तेही अमेरिकेत, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर.

दादा गेली पंचवीस वर्षे तिकडे आहे. त्या देशात आर.व्ही. नावाचे चाकांवरचे घर भाड्याने मिळते. ओटा, पलंग, न्हाणी सगळे आत. ते घेऊन दादा, वहिनी आणि मी हिंडत होतो. टूम वहिनीची. आई गेली तेव्हा दादा बाराव्या दिवशी पोहोचला आणि मी त्याला दारातच नको ते बोललो. तेव्हापासून आम्हा भावांचे बोलणे कामापुरते उरले होते.

संध्याकाळी तळावर दादाने गाडीच्या पोटातून एक तबकडी आणि तिकाटणे काढले. त्याला बेसबॉलचा सामना पाहायचा होता.

"त्यात काय, आभाळाकडे तोंड केलं की झालं!" मी म्हणालो. दादा नुसता हसला.

गंमत अशी, की हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतो; म्हणून आपल्याला तो जागच्या जागी खिळलेला वाटतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला. त्यामुळे पुण्यातल्या गच्च्यांवरच्या तबकड्या काय किंवा ऍरिझोनातली आमची काय, सगळ्यांचा कल दक्षिणेच्या अंगालाच. आमचा उपग्रह १०१ अंश पश्चिम रेखांशावर. त्या तळावरून तो खऱ्या उत्तरेपासून उजवीकडे १६२ अंशांवर आणि क्षितिजापासून ४७ अंश उंच. पण होकायंत्राची उत्तर ही खरी उत्तर नव्हे. तिथे सुई सुमारे दहा अंश पूर्वेला कलते. म्हणून होकायंत्रावर धरायचे १५२. चूक एका अंशाची झाली, तर तिकडे वर नेम सुमारे ६५० किलोमीटरने हुकतो!

पहिली अडचण पाइनच्या झाडांची. ४७ अंशांचा हिशेब सोपा : झाड जितके उंच, साधारण तितके तरी ते दूर हवे. गाडी सावलीत ठेवून, लांब वायर ओढून, आम्ही तबकडीसाठी दक्षिणेकडची एक फट शोधली. मग पाणसळ लावून खांब ओळंब्यात आणला. तो कलला, तर तबकडीवरचे सगळे आकडे खोटे. एवढे करून तबकडी समोरच्या झुडपाकडे पाहत असल्यासारखी दिसे. तिची घडणच तशी : नजर दिसते त्याहून बरीच वर.

आता मी तबकडीशी, दादा दाराशी आणि वहिनी आत पडद्यासमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "नाही गं बाई!" एकाएकी मला १९८७ सालचे रविवार आठवले. रामायण सुरू व्हायच्या आधी दादा कौलांवर अँटेना फिरवी, मी अंगणात निरोप्या, आणि आतून आई ओरडे, "आलं! आता हात लावू नका!"

अर्धा तास गेला. मी चिडून तबकडी गरागरा फिरवू लागलो. दादाने माझा हात धरला. "अरे, हे जुन्या अँटेनासारखं नाही. नेम बरोबर लागला तरी आतल्या यंत्राला ओळख पटायला काही क्षण लागतात. तू त्याच्या आधीच पुढे जातोस. केसभर हलव, मग थांब."

केसभर हलवले. थांबलो. पुन्हा हलवले. थांबलो.

"आलं! आता हात लावू नका!" वहिनी आतून ओरडली.

तिला बिचारीला काय ठाऊक! आम्ही दोघे मात्र जागच्या जागी उभे राहिलो. अंधार पडत होता. तबकडीच्या रोखाने पाहत दादा म्हणाला, "धनत्रयोदशीला आई कणकेचा दिवा ठेवायची, तो याच अंगाला ना? दक्षिणेला?"

"हो," मी म्हणालो.

"मी इथे दरवर्षी ठेवतो. तुला कधी सांगितलं नाही."

सांगितले नव्हते हे खरे; पण मी तरी थांबून कधी विचारले होते? मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी दारात मी तसं बोलायला नको होतं." तो काही बोलला नाही. त्याने फक्त तिकाटण्याच्या पायांवर दोन दगड ठेवले, वाऱ्याने हलू नये म्हणून.

आत सामना चालू होता. तो पाहिला एकट्या वहिनीने, आणि तिला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नाही!