पाच दिवसांमागची वर्षे

'श्यामची आई' शिकवताना आम्ही एक गोष्ट हमखास सांगतो. साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. अवघे पाच दिवस! वर्गाचे डोळे विस्फारतात आणि आम्हांलाही कृतार्थ वाटते. हकिकत खरी आहे, पण ती जिथून आम्ही सुरू करतो ती जागा चुकीची आहे, असे आता वाटू लागले आहे.

१९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथले वसतिगृहही सांभाळत. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक म्हणजे रोजचे, आणि हस्तलिखित म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेले. शाळेचे तास, मुलांची आजारपणे, वसतिगृहाची व्यवस्था यांतून वेळ काढून मजकूर सिद्ध करायचा. त्यासाठी स्फूर्तीची वाट पाहत बसण्याची सोय नव्हती. उद्याचा अंक उद्याच हवा असे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. बोलणाऱ्याची लय न मोडता ती कागदावर आणण्याची ही तालीमच होती. नाशिकचे पाच दिवस त्यानंतर वर्षभराच्या आतले.

आणि पुस्तकाचा घाट पाहा. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो. एका रात्रीत मावेल तेवढीच. ज्याने अनेक वर्षे मुलांसाठी रोज लिहिले, त्याच्या हाताला ही मोजमापे सवयीची झालेली असणार, असे आम्हांला वाटते.

सवय केवळ गुणच देते असे मात्र नाही. गुरुजींची छोटी वाक्ये, थेट संबोधन, मनातले लपवून न ठेवणारा सूर हे सारे समोर मुले आहेत या जाणिवेतून आले असावे. आणि समीक्षकांना खटकणारा भावनांचा अतिरेक, तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगण्याची ओढ, हेही कदाचित तिथूनच. आपण रोज कोणासाठी लिहितो, यावर आपली भाषा घडते. म्हणूनच 'रोज थोडे लिहा' हा सरधोपट उपदेश आम्हांला अपुरा वाटतो. रोजनिशीच्या वह्या भरूनही एक जिवंत वाक्य हाती न लागलेले लोक आम्ही पाहिले आहेत (आमच्यातही ते आहेत).

आमची खरी अडचण पुढची आहे. मराठी विभागांतला विद्यार्थी काहीच लिहीत नाही, हे खरे नाही. तो रोज लिहितो! नोट्स उतरवतो, 'सोदाहरण स्पष्ट करा' या आज्ञेला मुद्देसूद उत्तरे देतो, प्रतिभेच्या व्याख्या पाठ करून पुन्हा लिहितो. अनेक वर्षांची ही नित्य साधना, आणि वाचक कोण, तर उत्तरपत्रिका तपासणारा एक अनोळखी परीक्षक. या सवयीने जी भाषा घडायची ती घडतेच. पुढे प्रबंधांतून ती आमच्याकडेच परत येते आणि आम्ही कपाळाला हात लावतो.

यंदा आमच्यापैकी काहींनी तासाची पहिली दहा मिनिटे मोकळी ठेवली आहेत. अर्धे पान लिहायचे, गुण नाहीत, आणि वाचायचे ते शेजारच्या बाकावरच्याने. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी निबंधच लिहिले, 'प्रस्तावना' असा मथळा देऊन. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने घरातल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीविषयी सहा ओळी लिहिल्या. शेजारणीने त्या वाचल्या आणि विचारले, मग पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या सहा ओळी आणल्या.