सांगून दिलेलं औषध

औषधाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो, तो तुम्ही कधी उलगडून वाचलाय का? मी वाचते. शाळेत छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे छापलेला कागद न वाचता टाकवत नाही. शिवाय निवृत्त माणसाकडे वेळही असतो आणि भिंगही!

मध्यंतरी मुरुमांवरच्या ट्रेटिनॉइन मलमाचा असाच कागद वाचला. सगळा इंग्रजीत, आणि अक्षरं म्हणजे मुंग्या पसरल्यासारखी. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. शब्दकोश जवळ घेऊन बसले तेव्हा तासाभरात कुठे अर्थ लागला. आणि लागला तेव्हा रागच आला. कारण जे सांगायला हवं ते सगळं त्यात होतं, फक्त ज्या मुली हे मलम लावतात त्यांना वाचता येणार नाही अशा बेताने होतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी साडीच्या दुकानात काम करते. वय बावीस. हनुवटीवर, गालांवर पुरळ. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं, त्यात लग्नाचं बघणं चाललेलं. कुणीतरी नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने मागितली नाही, तिच्याकडे नव्हतीही. खोक्यावर उभी लाल रेघ असते, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशी सूचना असते. पण ती रेघ बघतो कोण! तिने सकाळ-संध्याकाळ उटण्यासारखा जाड थर दिला. वर लिंबू पिळलेलं बेसन होतंच. पाचव्या दिवशी तोंडाची सालं निघायला लागली, ओठांच्या कडेला चिरा पडल्या. तिची आई म्हणाली, "काकू, आतली उष्णता भाईर पडतीया म्हणत्यात." ती उष्णता नव्हती. मलम जादा झालं होतं.

माझं म्हणणं मलमाविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. नाहीतर "आमच्या वेळी हळद-चंदनानेच भागायचं" असं म्हणणाऱ्यांत माझी गणना व्हायची. आमच्या वेळी भागत नव्हतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या गालांवर जन्मभराचे खड्डे राहिले. औषध चांगलं आहे, अर्ध्या शतकाहून जुनं आहे, आणि नीट वापरलं तर खरोखर गुण देतं. फक्त ते नीट वापरायचं म्हणजे कसं, हे सांगितल्याशिवाय देण्याजोगं नाही.

ट्रेटिनॉइन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं. आलेला मुरूम सुकवणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. त्वचेची छिद्रं मृत पेशींनी आणि तेलाने बुजतात, तिथूनच मुरुमाची सुरुवात होते. ते बुजणंच हे मलम थांबवतं. म्हणून ते नुसतं फोडावर ठिपक्यासारखं लावून उपयोग नाही, पुरळ येतो त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. आणि किती? सगळ्या चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढं. हे ऐकून ती मुलगी हसली. "आजी, एवढ्यानं काय होणार?" माझ्या मते सगळी गडबड याच समजुतीत आहे. जास्त घातलं की जास्त गुण, हे आपण मिठाच्या बाबतीत मानत नाही, औषधाच्या बाबतीत मात्र हटकून मानतो.

लावायचं रात्री, कारण ट्रेटिनॉइन उजेडाने निकामी होतं. तोंड साध्या सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, वीस-तीस मिनिटं थांबायचं, ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे टाळायचे. सुरुवातीला एक दिवसाआड, कातडी नाजूक असेल तर दोन दिवसांआड, आणि सोसवेल तसं रोज. जोडीला साधं मॉइश्चरायझर. दिवसा ऊन टाळायचं आणि सनस्क्रीन लावायचं, कारण या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. साताऱ्यात चैत्र-वैशाखात स्कूटीवरून जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, ते उत्तमच. पण तेवढ्यावर भागवू नये. लिंबू, खरखरीत स्क्रब आणि पार्लरमधलं चेहऱ्याचं वॅक्सिंग या काळात बंद. वॅक्सबरोबर कातडीच निघून येते.

आणि धीर! पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. इथेच निम्म्याजणी ट्यूब फेकतात आणि उरलेल्या दुप्पट लावतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. अर्थात नुसती सालं निघणं, थोडी लाली येणं वेगळं आणि सूज, फोड, सोसवणार नाही अशी आग वेगळी. तसं झालं तर मलम थांबवून डॉक्टरांकडेच जायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. लग्न ठरलं की मुलीच्या चेहऱ्याकडे घरादाराचं लक्ष जातं, उपचार सुरू होतात, आणि लग्नानंतर काही महिन्यांत तिला दिवस जातात. आपल्याकडे हा क्रम किती नेहमीचा आहे! याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. मलमातून अंगात फारच थोडं औषध शिरतं, तरीही दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर ते वापरू नये, असंच डॉक्टर सांगतात. चुकून लावलं गेलं तर घाबरून जायचं कारण नाही, थांबवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. पण काउंटरवर गर्दीत उभ्या असलेल्या मुलीला हे विचारणार कोण? दुकानदाराला संकोच, तिला लाज, आणि आई म्हणणार, तोंडाला लावायच्या मलमाचा पोटाशी काय संबंध!

दुसरा धोका याहून गोड दिसतो. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र केलेली मलमं मिळतात. ती डागांसाठी, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायची. आपल्याकडे ती 'गोरं होण्याचं क्रीम' म्हणून घरोघरी पोचली. मोमेटासोन हे स्टिरॉइड. आधी चेहरा झळकतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस म्हणून. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, मुरूम उसळतात, आणि मलम सोडलं की आग आग होते म्हणून सोडवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी बराच आरडाओरडा केल्यावर 2018 साली सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. सक्ती कागदावर आहे. लग्नसराईत माझ्या शेजारच्या दुकानात ती मला दिसलेली नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेत तर हे चिठ्ठीशिवाय मिळतं. माझ्या पुतण्याने हेच ऐकवलं. अर्धं खरं आहे. तिथे 2016 च्या जुलैमध्ये अ‍ॅडापलिन 0.1 टक्के हे याच कुळातलं जेल, बारा वर्षांवरच्यांसाठी, चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. ट्रेटिनॉइनला तिथे आजही चिठ्ठी लागते. आणि ती परवानगी देताना वेष्टनावरचा मजकूर सामान्य माणसाला समजतो का, तो वाचून त्याला औषध बरोबर वापरता येतं का, याच्या चाचण्या झाल्या होत्या. मजकूर समजतो का, याची परीक्षा! मास्तरकी केलेल्या बाईला याहून योग्य परीक्षा कुठली वाटणार?

त्याच देशातली दुसरी गोष्टही सांगते, इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे राहवत नाही. ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे फिलाडेल्फियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलं. हेच क्लिगमन 1951 पासून 1974 पर्यंत तिथल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर नाना रसायनांचे प्रयोग करत होते. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. हातात थोडे पैसे पडायचे, पण आपल्या पाठीवर नेमकं काय चोळलं जातंय हे त्यांना धड सांगितलं जात नव्हतं. त्यांच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने 2021 मध्ये आणि शहराने 2022 मध्ये माफी मागितली. तोवर त्यातले कितीतरी जण गेले होते. तुरुंगाची आणि साडीच्या दुकानाची तुलना मी करत नाही. पण न सांगता कातडीला औषध लावायला देणं ही सवय मात्र तेव्हापासूनची दिसते. असो.

खोक्यातला कागद मराठीत, जाड अक्षरांत यावा हे माझं पहिलं मागणं. तो येईल तेव्हा येईल. तोवर दुकानदारांना इतकंच विचारते, गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा तुम्ही पेनाने मारून देताच ना? मग चिठ्ठी बघून ट्यूब देताना "रात्री, वाटाण्याएवढं, आणि दिवस राहिले असतील तर नाही" एवढं म्हणायला सुट्टे पैसे मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.