गड चढण्यापूर्वी

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की अनेक शाळांतून सहलीचे बेत ठरू लागतात. कोणी सिंहगड सुचवितो, कोणी राजगड, तर कोणी एकदम कळसूबाईचे नाव घेतो. वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर याद्या तयार होतात. दशम्या कोणी आणावयाच्या, चटणी कोणी, विजेरी कोणाकडे आहे, दोरी कोणाकडे, याची मोठ्या उत्साहाने वाटणी होते. नव्या बुटांसाठी घरोघर हट्ट धरले जातात. या साऱ्या यादीत एका गोष्टीचा उल्लेख मात्र सहसा आढळत नाही. ती म्हणजे गड चढणाऱ्याचे शरीर. ते तर प्रत्येकाजवळ आहेच, त्याची निराळी तयारी ती काय करावयाची, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि डोंगरावर मुलांना जे क्लेश सोसावे लागतात त्यांतील पुष्कळांचे मूळ तिच्यातच आहे.

तयारीवाचून निघालेल्या मंडळींचे काय होते ते पाहावे. पहिला चढ सर्व जण धावतच चढतात. अर्ध्या तासात छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागते. पाणी दोन प्रहरीच संपते. एखादा मुलगा मागे पडतो. त्याची थट्टा होते. तो हिरमुसतो आणि पुन्हा कधी डोंगराचे नाव काढावयाचे नाही असे मनाशी ठरवितो. गडावर पोचावयास उशीर झाल्यामुळे उतरावयासही उशीर होतो. सूर्य कलतो, वाट नीट दिसेनाशी होते, आणि नेमक्या त्याच वेळी दिवसभराच्या श्रमाने गुडघे लटपटू लागतात. पाय घसरावयाचा तो बहुधा अशा वेळी घसरतो. तेव्हा शरीराच्या तयारीचा प्रश्न हौसेचा नसून सुखरूप घरी परतण्याचा आहे.

यावर कोणी विचारील, की शिवरायांच्या मावळ्यांनी कोठे व्यायामाचे वेळापत्रक आखले होते? अंगी धैर्य असले म्हणजे कडाही चढता येतो. हिरकणीची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले असता तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या धैर्याची थोरवी कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या कथेतील एक साधी गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ध्यानातून निसटते. हिरकणी दूध विकावयास गडावर येत असे. दुधाची चरवी घेऊन गड चढावयाचा आणि पुन्हा उतरावयाचा, हा तिचा परिपाठ होता. त्या रात्री कड्यावर तिला धीर दिला तो मातेच्या हृदयाने. पण तिला तोलून धरले ते त्या रोजच्या चालीने घडविलेल्या पायांनी. मावळ्यांचेही तसेच. ज्यांचे शेत डोंगराच्या उतारावर, विहीर खोल दरीत आणि बाजार घाटापलीकडे, त्यांचा सारा दिनक्रम हाच व्यायाम असतो. शहरातील मुलगा शाळेत वाहनाने जातो, उद्वाहनाने घरी चढतो आणि सायंकाळी खुर्चीवर बसून अभ्यास करतो. त्याचे धैर्य मावळ्यापेक्षा कमी असेल असे नाही. त्याचे पाय मात्र निराळ्या जीवनात वाढलेले असतात.

आषाढी वारीतही हेच दिसते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट साठी ओलांडलेली कितीतरी माणसे पायी चालून जातात. पुण्याहून सासवडास जाताना तर एका दिवसात सुमारे ३० किलोमीटर अंतर आणि त्यात दिवे घाटाचा चढ. ही माणसे दिसावयास मल्लासारखी धिप्पाड नसतात. त्यांतील बहुतेकांचे अवघे आयुष्य शेतात चालण्यात आणि ओझी वाहण्यात गेलेले असते, म्हणूनच ती वाट त्यांना झेपते.

याहून मोठे उदाहरण हवे असेल तर तेनसिंग नोर्गे यांचे घ्यावे. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्यासह त्यांनी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवले, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याआधीची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९३५ साली ते हमाल म्हणून प्रथम त्या पर्वतावर गेले होते, आणि १९५३ ची ही त्यांची सातवी खेप होती. आदल्याच वर्षी, १९५२ साली, ते स्विस गिर्यारोहकांबरोबर दोनदा एव्हरेस्टवर गेले आणि थकून, आजारी होऊन परतले. वय चाळिशीच्या जवळ आलेले. बर्फाचे आणि विरळ हवेचे जे ज्ञान त्यांच्यापाशी होते, ते त्या काळी जगात फार थोड्यांपाशी असेल. असा मनुष्य पुढच्या मोहिमेपूर्वी काय करीत होता? दार्जिलिंगमध्ये तो पहाटे उठे, पाठीवरच्या पिशवीत दगड भरी आणि शहराभोवतीच्या टेकड्या चढून उतरून येई. हे त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. ज्याला पर्वताची सर्वांत अधिक ओळख होती, त्यालाच तयारीची सर्वांत अधिक गरज वाटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्याला डोंगर ठाऊक नसतो, त्यालाच तो सोपा वाटतो.

आता शरीरात या तयारीने काय घडते ते पाहू जावे, तर त्यात चमत्कार असा काही नाही. चढण चढताना पायांच्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो आणि तो रक्तावाटे पोचविण्यासाठी हृदयाला वेगाने धडधडावे लागते. रोज थोडे चालण्याचा क्रम ठेवला, की काही आठवड्यांत हृदय एकेका ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते. तेवढेच काम कमी ठोक्यांत होते. स्नायूंमध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ज्या तंतुकणिका अन्नापासून शक्ती निर्माण करतात, त्यांची संख्या वाढते. मात्र शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. स्नायू लवकर बळावतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांध्यांना आवळून धरणारे अस्थिबंध यांना अधिक वेळ लागतो. म्हणून आठ दिवस घाईघाईने धावून घेणाऱ्याचे श्वास सुधारतात, पण घोटे आणि गुडघे कुरकुरू लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेल्या अभ्यासाचा कधी कधी उपयोग होतो. डोंगराच्या आदल्या रात्री काढलेल्या बैठकांचा मात्र होत नाही. उलट दुसऱ्या दिवशी पाय आखडतात. या तयारीस सहा ते आठ आठवडे द्यावेत, हेच योग्य.

या तयारीसाठी डोंगर जवळ असावा लागत नाही, हे थोडे गणित केल्यास कळून येईल. आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढावयाचा तर सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते. इमारतीचा एक मजला सुमारे ३ मीटर उंच धरला, तर हा चढ २०० मजल्यांइतका झाला. पायरीची उंची १५ सेंटिमीटर धरली, तर ४००० पायऱ्या. पुण्याच्या पर्वतीस १०३ पायऱ्या आहेत. म्हणजे पायऱ्यांच्या नुसत्या संख्येने पाहिले तर हे जवळजवळ चाळीस वेळा पर्वती चढल्याइतके होते. एवढा आकडा ऐकून घाबरावयाचे कारण नाही, पण तो एकदा कागदावर मांडून पाहावा हे बरे. तीन मजली चढ असलेल्या शाळेचा किंवा चाळीचा जिना पहिल्या आठवड्यात ५ वेळा चढून उतरावा. दर आठवड्यास दोन-तीन खेपा वाढवीत गेल्यास आठव्या आठवड्यात २० ते २५ खेपा सहज होतात. आठवड्यातून तीन-चार दिवस हे करावे आणि मधल्या दिवशी पायांना विसावा द्यावा. विसावा म्हणजे आळस नव्हे; श्रमाने झिजलेले स्नायू भरून येतात ते विसाव्यातच. रविवारी लांब चालावे. शेजारच्या बोळात दळण आणावयास सायकल न नेता पायी गेले तरी तेही हिशेबात धरावयास हरकत नाही.

चालण्याच्या वेगासाठी घड्याळाची गरज नाही. शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येत असतील, तर वेग ठीक आहे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल, तर तो मंद करावा. आणि गाणे म्हणता येत असेल, तर किंचित वाढवावा!

उतरण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याचा विचार मोठी माणसेही करीत नाहीत. चढताना दम लागतो, म्हणून चढणे कठीण; उतरताना दम लागत नाही, म्हणून उतरणे सोपे, असा सर्वांचा हिशेब असतो. वस्तुतः उतरताना प्रत्येक पावलागणिक शरीराचे आणि ओझ्याचे सारे वजन झेलावयाचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते. हे स्नायू त्या वेळी ताणले जात असतानाच जोर लावीत असतात, आणि अशा कामाने त्यांना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच सहलीच्या दिवशी ठणठणीत असलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेचा जिना कठडा धरून उतरताना दिसतो. गमतीची गोष्ट अशी, की एकदा उतरण्याचा असा सराव झाला, म्हणजे पुढील काही आठवडे तेच स्नायू तसेच काम फारशा तक्रारीवाचून करतात. यास्तव मोठ्या गडापूर्वी दोन आठवडे एखादी लहान टेकडी सावकाश, लहान पावले टाकीत उतरून येणे फार हितकारक. जिना चढून उद्वाहनाने खाली येणाऱ्याने अर्धीच तयारी केली, असे समजावे.

ओझ्याचेही माप असावे. २०२० साली भारत सरकारने शाळेच्या दप्तराविषयी जे धोरण जाहीर केले, त्यात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे असे सांगितले आहे. डोंगरावरच्या पिशवीसही हा नियम लावणे शहाणपणाचे ठरेल. ४० किलो वजनाच्या मुलाने ४ किलो ओझे घ्यावे. त्यातील २ किलो तर दोन लिटर पाण्याचेच होतात. उरलेल्या २ किलोंत शिदोरी, टोपी, विजेरी आणि अंगावर घ्यावयाचे एखादे जाड वस्त्र बसले पाहिजे. असे मोजू लागले, की यादीतल्या पुष्कळ वस्तू आपोआप गळून पडतात. तयारीच्या काळातही ही पिशवी अधूनमधून पाठीवर घ्यावी. बुटांचेही तेच. नवे बूट गडाच्या पायथ्याशी प्रथम घालणारा मुलगा माथ्यावर पोचेपर्यंत फोडांचा धनी होतो.

काही पालक म्हणतील, की अभ्यासातून या गोष्टींना वेळ कोठून काढावयाचा? जिन्याच्या दहा खेपांस वीस मिनिटेही लागत नाहीत. काही घरांत मुलाला जाऊ देतात आणि मुलीला मात्र, "तुला झेपणार नाही," असे म्हणून घरी ठेवतात. झेपणे हे सरावावर अवलंबून असते, आणि सराव मुलीला मनाई केल्यावर तिला झेपावे तरी कसे? बचेंद्री पाल यांनी १९८४ साली एव्हरेस्ट सर केले. त्या हिमालयातील एका खेड्यात वाढलेल्या मुलगीच होत्या. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून निघू नये. पण सल्ला न घेताच त्यांना कायमचे घरी बसविणे हाही अन्यायच आहे. योग्य औषध जवळ बाळगून आणि बेताने चालून त्यांतील कित्येक जण आनंदाने टेकड्या चढू शकतात.

एवढी तयारी केली तरी वर्गातील सर्व मुले सारखी चपळ होतील, असे नाही. कोणाची ढांग लांब, कोणाची आखूड; कोणी नुकताच तापातून उठलेला. अशा वेळी शर्यत लावण्याची जी चाल आहे, ती अगदी सोडून द्यावी. अमक्याने गड चाळीस मिनिटांत चढला आणि तमक्यास दीड तास लागला, या हिशेबाने गडाची उंची काही बदलत नाही. सर्वांत सावकाश चालणाऱ्यास सर्वांच्या पुढे ठेवावे आणि त्याच्या मागून इतरांनी त्याच्या पावलाने चालावे. सर्वांत तगड्या मुलाने शेवटी राहावे. पुढे चालणारा आपोआप थोडा भरभर चालू लागतो, आणि मागच्या तगड्या मुलाला तळे, तटबंदी, करवंदीची जाळी नीट पाहावयास सवड मिळते. विसाव्यासाठी थांबावयाचे ते शेवटचा मुलगा येऊन टेकल्यानंतर पुरती पाच मिनिटे. त्याला येताना पाहताच पुढच्यांनी उठून चालू लागावे, हा अनेक सहलींतील रिवाज दमलेल्या मुलाचा विसावाच हिरावून घेतो.