नमुन्याचा मजकूरही मराठीच हवा

आमच्या शाळेच्या स्मरणिकेचे काम आम्ही हुबळीच्या एका छापखान्यात दिले होते. लेख यायला उशीर झाला, म्हणून ऑपरेटरने पाने आधीच लावून ठेवली. पाहायला गेलो तर सारी पाने इंग्रजीने भरलेली! "सर, हा नुसता नमुना आहे, मांडणी बघायला," तो म्हणाला.

हा मजकूर कोणी टाइप करीत नाही. वर्ड या प्रोग्राममध्ये बरोबरचे चिन्ह, आर-ए-एन-डी ही अक्षरे आणि रिकामा कंस लिहून एंटर दाबले की परिच्छेद आपोआप उमटतात. २००३ पर्यंतच्या वर्डमध्ये आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या कोल्ह्याचे वाक्य येई. त्यात इंग्रजीची २६ ही अक्षरे आहेत. २००७ पासून 'लोरेम' लिहून लॅटिन मजकूरही मिळतो. त्याचे मूळ सिसेरोच्या इ. स. पूर्व ४५ मधील ग्रंथात आहे.

पाने सुबक दिसली. मग आमचे लेख आत गेले. वेलांट्या वरच्या ओळीला भिडल्या, उकार कापले गेले आणि सह्याद्रीच्या 'दऱ्यां'चा 'दर्या' झाला! विद्यार्थी तेच वाचणार होते.

दोष ऑपरेटरचा नाही. इंग्रजीला ना काना-मात्रा, ना जोडाक्षरे. तिच्यावरची परीक्षा मराठीला कशी लागू पडावी? ओळीखाली ओत्तक्षरे लिहिणाऱ्या कन्नडचीही अडचण हीच. हिंदी नमुनाही आपल्याला पुरत नाही. 'दऱ्या'तला र, 'ॲ' ही आपली गरज. 'ॲ'ला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८ मध्ये. मराठी वळणाचे ल आणि श महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरविले. हे छापखान्याला आपण नाही सांगायचे, तर कोणी?

उपाय सोपा आहे. प्रत्येक शाळेने, मंडळाने पानभर मराठी नमुना तयार करावा. त्यात अवघड जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि आपल्या गावांची नावे असावीत. वर्डमध्ये तो निवडून ऑल्ट व एफ-३ दाबावे आणि त्याला छोटे नाव द्यावे. पुढे ते नाव लिहून एफ-३ दाबले की नमुना हजर. तो त्या एकाच संगणकावर राहतो, म्हणून फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. सोबत शुद्ध छापलेला कागद द्यावा, म्हणजे मराठी न वाचणारा ऑपरेटरही अक्षरांचे आकार ताडून पाहील.

खानापूर-हल्याळकडच्या आपल्या बांधवांनी पुढच्या पत्रिकेआधी एवढे जरूर करावे. मराठी टिकावी म्हणून आपण सभा घेतो. ती नीट छापली जावी म्हणून एक पान तयार करणे काही जड नाही.