मुळा-मुठेत, बेबी कालव्यात आणि बोअरवेलमध्ये उतरणाऱ्या औषधांच्या अंशांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, पुणे
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : शहरातील सांडपाणी, नदी व भूजल यांतील औषधांच्या अंशांची नियमित तपासणी सुरू करणे आणि घरोघरी उरलेली औषधे गोळा करण्याची व्यवस्था उभारणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुण्यातले औषध दुकानदार, बोअरवेल आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांचे रहिवासी आणि बेबी कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवणारे शेतकरी आहोत. एरवी आमची एकमेकांशी गाठ पडण्याचे कारण नव्हते. ती पडली एका साध्या प्रश्नामुळे.

हा मजकूर लिहिणारा ३४ वर्षे औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसला आहे. काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एक काकू कापडी पिशवी घेऊन आल्या. यजमानांना जाऊन महिना झाला होता. पिशवीत मेटफॉर्मिनच्या पाच-सहा स्ट्रिपा, अर्धवट संपलेले अटेनोलॉल, फिटसाठीचे कार्बामाझेपीन, कधीतरी तीन दिवस घेऊन सोडलेले अँटिबायोटिक आणि खोकल्याच्या दोन बाटल्या. "भाऊ, परत घेता का?" घेता येत नाही, म्हटले. "मग टाकू कुठे?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. "गोळ्या कचऱ्यात टाकते आणि बाटल्या मोरीत ओतते," असे त्याच म्हणाल्या आणि मी मान डोलावली. औषधाचा परवाना भिंतीवर टांगून बसलेल्या माणसाने डोलावलेली ती मान या निवेदनाचे मूळ आहे.

मोरीत ओतलेले पुढे कुठे जाते, हे आपल्या दोन्ही कार्यालयांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सांडपाण्याचा काही भाग शुद्धीकरण केंद्रात जातो, काही तसाच नाल्यांतून मुळा-मुठेत. मुंढव्याच्या जॅकवेलवरून प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडकडच्या शेतीला मिळते. उरलेली नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. म्हणजे पुण्याच्या मोरीचे टोक सोलापूरच्या नळापर्यंत पोचते.

यात टाकलेल्या औषधांचा वाटा मोठा नाही, हेही मान्य केले पाहिजे. मोठा वाटा गिळलेल्या औषधांचा आहे. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ मोडतच नाही, लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. कार्बामाझेपीन शुद्धीकरण केंद्रातूनही फारसे कमी न होता पार होते. सिप्रोफ्लॉक्सासिन बऱ्याच अंशी गाळाला चिकटते आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर त्याच्याबरोबर जाते. आपली केंद्रे बीओडी आणि तरंगते घन पदार्थ कमी करण्यासाठी बांधलेली आहेत. ते काम ती करत असतील, पण औषधे काढणे हे त्यांचे काम कधी नव्हतेच. त्यामुळे केंद्र चालवणाऱ्यांना यात दोष देण्यात अर्थ नाही.

आम्हाला घबराट पसरवायची नाही. नदीतले प्रमाण बहुधा नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असते आणि पिण्याच्या पाण्यातल्या इतक्या सूक्ष्म मात्रेने माणसाच्या आरोग्याला थेट अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या अहवालात म्हटले आहे. पण नदीत फक्त माणसासाठीचे पाणी नसते. कॅनडात एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळीतले संप्रेरक लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतके सोडले, तर काही वर्षांत तिथल्या छोट्या माशांची एक जात जवळपास संपली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडांचे काय केले ते सर्वांना माहीत आहे. २००६ मध्ये त्यावर बंदी आली, तेव्हा बहुतेक गिधाडे गेलेली होती.

दुसरी काळजी जिवाणूंची. हैदराबादजवळच्या पटानचेरूत औषध कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले, असे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. पुढे तिथल्या गावांतल्या विहिरींतही औषधे सापडली. पुण्यात तसे कारखाने नाहीत म्हणून निश्चिंत राहावे, तर २०१७ मध्ये 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात आपल्या मुठेच्या गाळाचा अभ्यास छापून आला. शहराच्या वरच्या बाजूच्या तुलनेत शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके ३० पटींपर्यंत जास्त होती आणि त्यांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना न जुमानणारी जनुकेही होती. कारखाना नसताना, फक्त शहराच्या सांडपाण्याने हे झाले. हा अभ्यास परदेशातल्या विद्यापीठाने करावा आणि नदीकाठच्या आम्हाला तो इंटरनेटवर सापडावा, याचे आम्हाला वाईट वाटते.

भूजलाबद्दल तर काहीच हाती लागत नाही. आमच्यातल्या एका सोसायटीने बोअरवेलचे पाणी तपासून घेतले. एका पानाचा अहवाल आला : सामू, क्षारता, कठीणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म आणि शेवटी 'योग्य' असा शिक्का. औषधांचे काय, असे विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तो कॉलम फॉर्ममध्ये नाही." त्याचे बरोबरच होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कीटकनाशकांना मर्यादा आहे, औषधांना नाही. पण पुण्याखाली काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांतून वाहते आणि फुटक्या ड्रेनेजचे पाणीही त्याच भेगा धरते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा विहिरींचे आणि टँकरचे पाणी एकाएकी सर्वांच्या नजरेत आले. तो आजार वेगळा होता, औषधांशी त्याचा संबंध नाही. पण विहिरीत काय उतरते हे पाहण्यासाठी माणसे आजारी पडायची वाट पाहिली गेली, एवढे त्यातून दिसले.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : मोजा. उन्हाळ्यात, पावसाळा संपल्यावर आणि हिवाळ्यात, असे वर्षातून तीनदा खडकवासला, विठ्ठलवाडी, संगम, मुंढवा जॅकवेल, थेऊर, रांजणगाव सांडस आणि उजनीचा जलाशय इथले पाणी तपासावे. प्रत्येक शुद्धीकरण केंद्रात आत येणारे आणि बाहेर पडणारे पाणी व गाळही तपासावा. शंभर औषधे नकोत. मेटफॉर्मिन, कार्बामाझेपीन, डायक्लोफिनॅक, अटेनोलॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, सल्फामेथॉक्साझोल आणि कॅफीन एवढ्यांनी सुरुवात पुरे. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांची अशी पाहणी प्रसिद्ध झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे, तेव्हा यंत्रे आणि माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला सोबत घेऊन प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतल्या काही विहिरी आणि बोअरवेलही घ्याव्यात. कार्बामाझेपीन सहसा मोडत नाही. ते बोअरवेलमध्ये सापडले, तर ड्रेनेज कुठेतरी झिरपते आहे हेही त्याच खर्चात कळेल. आकडे दोन्ही संकेतस्थळांवर मराठीत टाकावेत. ते चांगले नसले तरी टाकावेत.

दुसरी मागणी आम्हा दुकानदारांची. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे असे म्हटले होते. सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या पुण्याला त्या हिशेबाने २५ केंद्रे लागतात. त्यातल्या औषधांसाठी आम्ही आपापल्या दुकानात बंद पेटी ठेवायला तयार आहोत. अडचण एकच : मुदत संपलेला माल आम्हाला 'नॉट फॉर सेल' लिहून वेगळा ठेवावा लागतो आणि लोकांनी आणून दिलेला माल तपासणीत सापडला तर जबाब आम्हालाच द्यावा लागेल. म्हणून अन्न व औषध प्रशासनाशी बोलून या पेटीपुरते लेखी परिपत्रक काढून घ्यावे. पेटी ठरल्या दिवशी उचलली जावी आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीतच जावी. केरळात औषध नियंत्रण विभागाने 'एन-प्राउड' नावाने हे सुरू केले आहे, त्याचा नमुना समोर आहे.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधे संडासात टाकून पाणी सोडावे असे सुचवले, कारण ती भलत्याच्या हाती लागू नयेत. हेतू समजतो. पण लोकांच्या लक्षात १७ चा आकडा राहत नाही, संडास राहतो. पेटी असेल तर हा प्रश्न बराचसा मिटेल.

तिसरी मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जानेवारी २०२० च्या केंद्राच्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ ची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या गायब होत्या. जल कायदा, १९७४ राज्य मंडळाला स्वतःची मानके ठरवण्याचा अधिकार देतो. कुरकुंभसारख्या वसाहतींतल्या औषध कारखान्यांच्या संमतीपत्रात प्रतिजैविकांची तपासणी आणि मर्यादा घालावी. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची सप्टेंबर २०२४ ची मार्गदर्शक सूचना उपलब्ध आहे. मोठ्या रुग्णालयांच्या सांडपाण्यालाही हीच तपासणी लावावी.

शुद्धीकरण केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा टप्पा सगळीकडे आजच बसवा, असे आम्ही म्हणत नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांत तो सुरू केला आणि खर्चासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक आकारले. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात अशा टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर टाकला. पुण्यात जपानी कर्जातून दिवसाला एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या ११ केंद्रांची योजना आहे. त्यांतल्या एका केंद्रात, शक्यतो जिथले पाणी बेबी कालव्याकडे वळते तिथे, हा टप्पा चाचणीसाठी बसवावा आणि बाकीच्या ठिकाणी त्याची जागा राखून ठेवावी. केंद्र उभे राहिल्यावर जागा सापडत नाही.

या निवेदनावर काय ठरले ते एक महिन्याच्या आत लेखी कळवावे आणि आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. नमुन्यांच्या बाटल्या भरायला मुंढव्यापासून थेऊरपर्यंत आमची माणसे येतील, त्याचा खर्च नको. पेटीसाठीची जागा दुकानांत आजच मोकळी करून ठेवली आहे. काकूंची पिशवीही अजून माझ्याकडेच आहे.

आपले विश्वासू,
खाली सह्या करणारे नागरिक, औषध दुकानदार व शेतकरी