आधी पाण्याचे टेबल, मग प्लाझ्मा मशीन

हिंदमाता मार्केटमध्ये माझे कापडाचे दुकान आहे. लोखंडाशी माझा संबंध शटर आणि रॅक एवढाच. तरीही या पानावर आज लोखंड कापण्याविषयी लिहितो आहे. गेल्या वर्षभरात दोन गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट अशी. परळला माझ्या गोदामाशेजारच्या गाळ्यात ग्रिल-गेटचे काम चालते. तिथे हवेवर चालणारे प्लाझ्मा कटर आले. जमिनीवर दोन विटा मांडायच्या, त्यावर पत्रा ठेवायचा आणि कापायचे, अशी पद्धत. एका दुपारी ठिणग्या फरशीवरून उडत शटरखालच्या फटीतून आमच्या बाजूला आल्या आणि शर्टिंगची एक गाठ धुमसू लागली. दुकानच्या पोऱ्याला वास आला म्हणून वाचलो. कापडाची गाठ आतून जळते, वरून दिसत नाही. रात्रीची वेळ असती तर गोदाम गेले असते आणि वरच्या मजल्यावरची कुटुंबेही.

दुसरी गोष्ट घरातली. माझा भाचा फॅब्रिकेशनचे काम करतो. एका शनिवारी त्याने दिवसभर जी.आय. पत्रा कापला. रात्री अंगात हुडहुडी, ताप, तोंडाला धातूची चव. डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली, काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला. मी विचारले तर म्हणाला, "मामू, पत्रा कापला की असं होतंच. सगळ्यांनाच होतं."

हे "होतंच" ऐकून मला माझे वडील आठवले. गिरण्यांतून निघणारा कटपीस ते विकत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी उर्दू शाळेत शिकत होतो. दुकानात बसायला येणारे गिरणी कामगार मला आठवतात. कार्डिंग खात्यातली माणसे खोकत असत. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळून येई, आठवडा सरता सरता कमी होई. तेही म्हणत, "गिरणीत असं होतंच." त्या दुखण्याला बायसिनोसिस म्हणतात आणि सरकारच्या यादीत तो धंद्याचा आजार म्हणून नोंदलेला आहे. जस्ताच्या धुराने येणाऱ्या तापाचीही तीच चाल. रोज काम करणाऱ्याला सवय होते, सुट्टी झाली की पहिल्या दिवशी पुन्हा गाठतो. परदेशात या दोन्ही दुखण्यांना सोमवारचा ताप असेच नाव पडले आहे. गिरण्या गेल्या, सोमवारचा ताप मात्र गल्लीतल्या गाळ्यात राहिला.

जस्ताचा ताप एका रात्रीत उतरतो, पण स्टेनलेस स्टीलचा धूर असा सोडत नाही. त्यात क्रोमियम आणि निकेल असते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. प्लाझ्माने स्टेनलेस कापताना निघणारा धूर त्याच जातीचा आहे.

कारागीर म्हणतात, आम्ही रुमाल बांधतो. कापडवाला म्हणून सांगतो, त्याचा उपयोग नाही. सुती रुमालाच्या दोन धाग्यांमधल्या जागेपेक्षा धुराचा कण कितीतरी बारीक असतो, सरळ आत जातो. आणखी एक धंद्याची गोष्ट. टेरीकॉट आणि पॉलिएस्टरचे कपडे घालून हे काम करू नये. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. जाड सुती कपडा घालावा, पँटची घडी बाहेर दुमडू नये, तिच्यात ठिणगी अडकते.

मग उपाय काय? उपाय जुना आणि साधा आहे. पाण्याने धूळ बसते. गिरणीतसुद्धा हवा दमट ठेवत, म्हणजे सूत तुटत नसे. प्लाझ्माच्या कामात यालाच पाण्याचे टेबल म्हणतात. पोलाद साधारण १५०० अंशाला वितळते. प्लाझ्माची ज्योत त्याच्या दहापटीहून गरम असते आणि हवेच्या जोराने वितळलेले लोखंड खाली फेकते. खाली फरशी असेल तर ठिणग्या चहूकडे उडतात. खाली पाणी असेल तर ठिणगी तिथेच विझते, बरीचशी भुकटी आणि धूर पाण्यातच अडकतो.

जो माणूस पाण्याची टाकी बनवतो त्याला हे टेबल बनवणे अवघड नाही. चार फूट बाय चार फूट, सात इंच खोल असे ३ मिलिमीटर पत्र्याचे तसराळे करावे. जोड आतून-बाहेरून वेल्ड करून, पाणी भरून एक रात्र ठेवावे, गळती दिसेल. वर पट्ट्या उभ्या बसवाव्यात, तीन-चार इंचांच्या अंतराने. त्या वेल्ड करू नयेत, खाचेत सुट्या ठेवाव्यात, कारण पत्र्याबरोबर पट्ट्याही कापल्या जातात आणि बदलाव्या लागतात. पाणी पत्र्याच्या इंचभर खाली ठेवावे. तळाला थोडा उतार आणि मोठा कॉक हवा, म्हणजे गाळ काढता येतो.

आता आपल्या भागातल्या अडचणी पाहू. एक, वजन. एवढ्या टेबलात सहा इंच पाणी म्हणजे सुमारे २२५ लिटर, म्हणजेच २२५ किलो. त्यात लोखंड आणि वरचा पत्रा धरला तर वजन ४०० किलोपर्यंत जाते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत माळ्यावर किंवा लाकडी तक्तपोशीवर हे टेबल कदापि ठेवू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले, हे आपण विसरलेलो नाही. जुन्या इमारतीत जागा तळमजल्याचीच हवी.

दोन, डास. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. महापालिकेची नोटीस येईल आणि डेंग्यू आधी आपल्याच पोरांना होईल. दर आठवड्याला पाणी उपसावे किंवा टेबल घट्ट झाकून ठेवावे.

तीन, गाळ. तो गटारात ओतू नये. स्टेनलेसचा गाळ तर विषारीच समजावा. डब्यात वेगळा सुकवून घातक कचऱ्यात द्यावा. हिंदमाता-परळला पाणी तुंबते हे सांगायला नको. पावसाळ्यात टेबल रिकामे ठेवूनच घरी जावे, नाहीतर तो गाळ सगळ्या गल्लीत पसरेल.

चार, वीज. पाणी आणि वीज एकत्र आली. प्लाझ्माच्या टॉर्चला शेकडो व्होल्टचा दाब असतो. अर्थिंग पक्के हवे, सर्किटवर गळती पकडणारा ब्रेकर हवा आणि बेस्टकडून लोड मंजूर करून घ्यावा. पंख्याच्या पॉइंटवरून तार ओढून हे काम करणे म्हणजे जिवाशी खेळ.

पाच, अॅल्युमिनियम. ही खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे. वितळलेल्या अॅल्युमिनियमचे कण पाण्यात पडले की हायड्रोजन वायू सुटतो. तो पत्र्याखाली साठतो आणि पुढच्या ठिणगीला भडका होतो. साध्या पाण्याच्या टेबलावर अॅल्युमिनियम कापू नये.

एवढे करूनही पाणी सगळेच धरत नाही. ज्योतीमुळे हवेतच काही घातक वायू तयार होतात. त्यासाठी खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लागतो आणि तोंडावर कारखान्यात वापरतात तो फिल्टरचा मास्क.

काही बांधव म्हणतील, पाण्याने मालाला गंज चढतो. कापून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवला की झाले. तरीही थोडा गंज येईल, पण तो घासून निघतो. छातीत गेलेले लोखंड घासून काढता येत नाही.

आता शेवटचे, आणि ते कारागिरांना नाही तर आम्हा व्यापाऱ्यांना. दुकानाचा रॅक, गेट, काउंटर करून घेताना आपण दर तोडतो. दोन गाळे फिरतो आणि जो सर्वांत स्वस्त त्याला काम देतो. स्वस्त काम बहुधा विटांवर पत्रा ठेवून झालेले असते. या गाळ्यात दोन-तीन माणसे, तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर येत नाही. तेव्हा ऑर्डर देणारा तोच इन्स्पेक्टर. काम देण्याआधी गाळ्यात जाऊन पाहावे. पाण्याचे टेबल नसेल तर आगाऊ रकमेत त्याचा खर्च घालावा आणि पुढच्या कामांत वळता करावा. शेजारच्या गाळेवाल्याशी मी हाच व्यवहार केला. टेबलाला पत्रा त्याच्याकडचा होता, मजुरी त्याची, पैसे माझे. सहा कामांत रक्कम फिटली. माझ्या गोदामाच्या विम्यापेक्षा हा सौदा मला स्वस्त पडला.

भाच्यालाही सांगून ठेवले आहे की मशीनचा हप्ता मामू भरेल, पण टेबल आधी दाखव. गेल्या रविवारी त्याने तसराळे वेल्ड केले. रात्रभर पाणी भरून ठेवले होते, एका कोपऱ्यात गळत होते. आता दुसऱ्यांदा वेल्ड करतो आहे.